बिनपोस्टरची बाई

उकंडराव पेंटर आमच्या घरामागच्या गल्लीत राहतात. मंगरूळपीरला आता हाताने रंगवणारा पेंटर कुणाला लागत नाही. दुकानांच्या पाट्या छापून येतात, पुढाऱ्यांचे चेहरे छापून येतात, मेलेल्या माणसाचा श्रद्धांजलीचा फलकसुद्धा त्याची राख थंड होण्याआधी छापून चौकात लागतो. तरी त्यांच्या नावामागचा ‘पेंटर’ हा शब्द गेलेला नाही. घरात त्यांची सून सुचिता त्यांना बाबा म्हणते, मी काका म्हणते, बाकी सगळं गाव पेंटर म्हणतं.

त्यांचा जन्म किन्हीराजाचा. घरी शेती होती, भाऊ होता आणि भावाला शेतीची आवड होती. उकंडकाकांना नव्हती. ते मंगरूळपीरला धरमसिंग नावाच्या पेंटरकडे आले आणि तिथेच राहिले. धरमसिंग टॉकीजचे बोर्ड रंगवायचा. अमरावतीहून सिनेमाच्या पेटीबरोबर एक छापील पोस्टर यायचं. त्या पोस्टरवर पेन्सिलीने बारीक घरं पाडायची, समोरच्या मोठ्या कापडावर दोरीने तेवढीच पण मोठी घरं पाडायची आणि एकेका घरात जे असेल ते त्या घरात उचलून ठेवायचं. नाक दोन घरांत येत असेल तर दोन घरांत. धरमसिंगचा एक नियम होता आणि तो त्याने उकंडकाकांच्या कानात कायमचा घालून ठेवला होता.

“आपून नक्कलवाले. पोस्टरवर जसं नाक आलं, तसं काढाचं. आपल्या मनाचं नाक काढलं की पब्लिक खवळते.”

टॉकीजच्या बोर्डापेक्षा उकंडकाकांनी तंबूतल्या सिनेमाचं काम जास्त केलं. पावसाळा संपला, पिकं घरात आली की तंबू निघायचा. कारंजा तालुक्यातल्या मोठ्या गावांत मुक्काम पडायचा, कामरगावला तर हमखास. तंबूच्या दारावर लावायला कापडी चित्रं लागत. ती तेलरंगात काढणं परवडत नसे. मांजरपाटावर पाण्यात विरघळणाऱ्या गोंदासारख्या सरसाचा हात द्यायचा आणि सरसातच कालवलेल्या पुडीच्या रंगांनी चित्र काढायचं. पिवडी, गेरू, नीळ, काजळी. हिवाळ्यात पाऊस नसतो, त्यामुळे चित्र सिनेमाचा मुक्काम असेपर्यंत टिकत असे. सिनेमा बदलला की कापड उतरवायचं, नाल्यावर न्यायचं आणि धुऊन टाकायचं. वाळलं की पुन्हा सरस, पुन्हा नवा चेहरा. धुण्याचं काम त्यांची बायको रूपाबाई करायची. काका सांगतात, ती धुवायला बसली की नाल्याचं पाणी खालपर्यंत निळं-तांबडं होत जायचं आणि खाली गुरं पाजणारे गुराखी तिला शिव्या द्यायचे.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, “तुमचं एकही चित्र कुठे नाही, याचं वाईट नाही वाटत?”

“कायले वाटन? सिनेमा गेला, चित्र गेलं. ठेवून काय लोनचं घालाचं होतं?”

हे ते हसत म्हणाले. पण एका चित्राबद्दल ते असं म्हणत नसत.

एका हिवाळ्यात कामरगावला सिनेमाची पेटी आली आणि पोस्टर आलंच नाही. दुसऱ्या दिवशी पहिला खेळ. तंबूचा मालक डोकं धरून बसला. त्याने स्वतःही तो सिनेमा पाहिलेला नव्हता. कुणीतरी त्याला एवढंच सांगितलं होतं की त्यात एका बाईचं दुःख आहे.

“बाईचं दुःख काढ,” तो म्हणाला.

“कोनती बाई?”

“कोनतीबी काढ बापा! दारावर कोरं कापड लावतो का मंग?”

तेव्हा उकंडकाकांचा मुक्काम गावाबाहेरच्या एका भाजीच्या मळ्यात असे. मळेवाल्यांचा गोठा लांबरुंद होता, त्याच्या भिंतीला कापड ताणता येई. त्या कापडावर त्यांनी घरं पाडली नाहीत. पाडून करायचं काय? आयुष्यात पहिल्यांदा समोर काही न ठेवता त्यांनी चेहरा काढला. ती बाई कोण होती, हे त्यांनाही सांगता येत नाही. बायको नव्हती, आई नव्हती. “येत गेली,” एवढंच ते म्हणतात.

पहिला खेळ सुटला आणि लोकांनी तंबूच्या मालकाला घेरलं.

“भायेरची बाई कोठी हाये?”

“कोनती भायेरची?”

“थे दारावरची! तिच्यासाठी तिकीट काढलं आमी. आतमंधी दुसरीच कोनतरी रडून राह्यली!”

मालकाने उकंडकाकांना चार लोकांत फाडून खाल्लं. धरमसिंगच्या कानावर गेलं तेव्हा तो फक्त म्हणाला, “म्हनलं होतं मी.” त्यानंतर पोस्टर आल्याशिवाय काकांनी कुंचला उचलला नाही. मनाचं नाक पुन्हा काढलं नाही. पण एक प्रश्न त्यांच्याकडे राहून गेला. लोक खवळले ते चित्र वाईट होतं म्हणून की चांगलं होतं म्हणून? त्या वेळी रागात आणि लाजेत त्यांनी ते चित्र नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. तंबू उठला तेव्हा ते कापड रूपाबाईजवळ धुवायला द्यायला त्यांचा हात धजेना. बरोबर न्यायचीही लाज वाटली. मळेवाल्यांच्या घरी नुकतंच बाळ झालं होतं. छताखालच्या माळ्याच्या फळ्यांमधून पाळण्यावर माती आणि भुसा पडे, तो अडवायला त्यांना वरून बांधायला कापड हवं होतं. काकांनी ते देऊन टाकलं. “पुढच्या साली येईन तवा नेतो,” म्हणाले. पुढच्या वर्षी तंबू त्या बाजूला गेला नाही. नंतर तंबूच राहिला नाही.

मग टॉकीज बंद झाली. काकांनी ट्रॅक्टरवर फुलं काढली, शाळेच्या भिंतींवर नकाशे काढले, हातगाड्यांवर आणि रसवंत्यांवर नावं लिहिली. रूपाबाई गेली. आणि मग डोळे जायला लागले.

काचबिंदू आहे. अकोल्याच्या डॉक्टरांनी सुचिताला समजावून सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जितके दिवस टिकवता येईल तितके दिवस टिकवायची. काकांना आता वर्तमानपत्राची सुरळी डोळ्याला लावून पाहावं तसं दिसतं. मधलं थोडं दिसतं, कडेचं सगळं गेलं. ते थोडंही दर महिन्याला आणखी कमी होत जातं. ताटातली वाटी शोधायला ते ताटावरून डोकं फिरवतात.

याच दिवसांत राजू आला. कामरगावचा, भाजीवाला, चाळिशी ओलांडलेला. मंगरूळपीरच्या बाजारात गाडी घेऊन आला होता आणि विचारत विचारत गल्लीत शिरला. काकांच्या ओट्यावर बसून तो म्हणाला, “वळखत नसान तुमी मले. ज्या पोराच्या पाळन्यावर तुमचं कापड बांधलं होतं ना, थे पोरगं मी.”

जुनं घर पाडून ते नवं स्लॅबचं घर बांधत होते. माळा काढला तेव्हा कापड खाली आलं.

“आमच्या आजीनं चित्राचं तोंड वरतं करून बांधलं होतं. परकी बाई पाळन्यावर डोळे लावून नको, म्हने. सारी माती तिच्या तोंडावर पडत गेली. झटकलं तं आतून रंग जसाचा तसा निंघाला, काका! गालावर लाली हाये अजून. आई म्हनते, पेंटरचं वस्त्र हाये, पेंटरले वापस गेलं पाह्यजे.”

उकंडकाकांनी पायरी धरली. मी राजूला म्हणाले, “राजूभाऊ, घरी गेल्यावर मोबाईलवर एक फोटो पाठवता का?”

“नको,” काका लगेच म्हणाले. “फोटोत नको. लहान होऊन जाते. मोठं काढलं होतं, मोठंच पाहीन. मी येतो तठी.”

“बुधवारी आनून देतो ना मी.”

“मी येतो म्हनलं ना!”

त्या चार-पाच दिवसांत ते सुचिताला सारखं विचारत राहिले, आज मला किती दिसतं. ती बोटं धरायची, ते मोजायचे, कधी बरोबर कधी चूक. संध्याकाळी मी जाऊन बसले तर त्यांचं एकच चाललेलं.

“मले फक्त इतकंच पाहाचं हाये, पोरी, का थे जमलं होतं का नाई. मंग जाऊ दे डोळे.”

सुचिताला शाळेच्या पोषण आहाराच्या कामातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून बुधवारी मी त्यांच्याबरोबर निघाले. कारंज्यापर्यंत बस, पुढे जीप. जीपमध्ये काका मधल्या बाकावर ताठ बसले होते. दाढी केली होती, धुतलेलं धोतर होतं. शेजारच्या माणसाने विचारलं, “कोठी, लग्नाले का आजोबा?” काका म्हणाले, “मुलगी पाहाले चाललो.” सगळी जीप हसली. ते हसले नाहीत.

मळा गावाला लागूनच आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, कडेला हळदीचा एक पट्टा. मोटारीचं पाणी पाटातून चाललं होतं. नव्या घराच्या भिंती अजून विटांच्याच होत्या. राजूची आई कस्तुराबाई दारातच उभी होती. बारीक, काळीसावळी, नऊवारीचा काष्टा घातलेली, हाताला अजून माती. तिने काकांना ओळखलं, काकांनी तिला आवाजावरून.

“या भाऊ. किती वर्सानं आठवन झाली आमची.”

“तुमालेच झाली, बाई. मी तं इसरूनच गेलो होतो.”

“खोटं नका बोलू. इसरनारा मानूस असा दाढी करून येते का?”

तिने चहा टाकायला सांगितला. पण काका बसेनात. “पहिले दाखवा,” म्हणाले.

“मांगं दोरीवर हाये. या.”

राजूही बरोबर आला; आम्ही घराला वळसा घालून मागे गेलो. दोन बाभळींमध्ये दोरी बांधली होती आणि तिच्यावर कापड पसरलं होतं. ऊन त्याच्या आरपार येत होतं. ते पांढरं होतं. पूर्ण पांढरं नाही, जुन्या मांजरपाटाचा असतो तसा पिवळट रंग, मध्ये कुठे कुठे ढगासारखे फिकट डाग. दुसरं काहीही नव्हतं.

मी थांबले. काका थांबले नाहीत. ते कापडाच्या अगदी जवळ गेले, वरच्या डाव्या कोपऱ्यापाशी चेहरा नेला आणि तिथून डोकं सावकाश आडवं सरकवू लागले. एक ओळ संपली की थोडं खाली, पुन्हा आडवं. पोस्टरवरची घरं वाचावीत तसं. कापडाच्या मधोमध ते बराच वेळ रेंगाळले. मग आणखी खाली गेले, वाकले, उठले. पुन्हा वरून सुरुवात केली.

“पोरी,” ते माझ्याकडे न वळता म्हणाले, “मले दिसून नाई राह्यलं.”

त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

“सकाळी तं दिसत होतं. आता कायच नाई दिसून राह्यलं मले. कोठी हाये तिचं तोंड? माह्या हाताले धरून तठी लाव बरं.”

त्यांनी हात पुढे केला. तो मी धरला, पण कुठे लावणार? राजू कस्तुराबाईकडे पाहत होता. मला सांगणं भाग होतं.

“काका, तुमचे डोळे ठीक आहेत. कापडच पांढरं आहे.”

ते वळले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, नजर गेली नाही याची सुटका. मग ती गेली.

“पांढरं?”

“मंग!” कस्तुराबाई कौतुकाने म्हणाली. “मोटारीच्या धारेखाली धरलं काल. केवढी माती निंघाली, अन् रंग तर निंघता निंघे ना! दोन वड्या साबनाच्या गेल्या. पाहा आता, कसं निर्मळ झालं.”

“आई!” राजू ओरडला. “तुनं चित्रच धुऊन काढलं?”

“नाई तं काय मळकं देऊ? लोकाचं वस्त्र वापरलं तं धुऊन देतात का मळकं देतात?”

“चित्र पाहाले आले ना वं काका! इतक्या दुरून!”

“चित्र कोन पाहाले येते? कापडाचा धनी कापड न्याले येते. अन् मी काय नवीन केलं? या भाऊची रूपाबाई माह्या डोळ्यानं पाह्यली मी नाल्यावर. येक सिनेमा गेला का कापड घेऊन बसे धुवाले. धुतल्याबिगर एक कापड त्यायनं दुसऱ्या खेपेले वापरलं का, विचार बरं त्याइले!”

बोलता बोलता ती थांबली. राजूच्या तोंडाकडे पाहिलं, मग काकांकडे. हाताची माती लुगड्याला पुसली.

“काही चुकलं का, भाऊ?”

मी राजूला हळूच विचारलं, “तुम्ही फोटो काढला होता का?”

“काका नको म्हनले ना,” तो म्हणाला. “म्हनून नाई काढला.”

काका दोरीपाशीच उभे होते. एका हाताने त्यांनी कापडाचा काठ धरला होता, बोटांनी पोत चाचपत होते. मला वाटलं, आता ते खाली बसतील. पण ते कस्तुराबाईकडे वळले.

“काही नाई चुकलं. बरोबर केलं तुमी. आमच्यात असंच करत. रूपा असती तं तिनंबी हेच केलं असतं.” मग राजूला म्हणाले, “आईवर आवाज नको चढवू रे. धुन्याचंच होतं थे कापड. मीच धुवाले देलं नव्हतं.”

चहा आला. अंगणातल्या बाजेवर ते बसले, कस्तुराबाई खाली ओट्याच्या कडेला. पाटातलं पाणी वाफ्यात शिरल्याचा आवाज येत होता. काका म्हणाले, “बाई, धुवाच्या आंधी तुमी पाह्यलं असन तिले.”

“पाह्यलं ना. गोठ्यात आंथरलं होतं.”

“मंग सांगा. कशी होती?”

“मी कशी सांगू? मले काय चित्रातलं समजते?”

“समजू नका. सांगा नुसतं.”

कस्तुराबाईने कप खाली ठेवला. आधी राजूकडे पाहिलं, त्याने मान हलवली.

“लुगडं जांभळं होतं. वांग्याचं फूल असते ना, तसं. मांगं काहीतरी पेटलं होतं, का सांज होती, थे मले नाई कळलं.”

“सांज होती,” काका म्हणाले.

“मंग लाल जास्ती झालं होतं, भाऊ. आग वाटे.”

“असन. शेंदूर जास्ती पडला असन.”

“केस चांगले होते. पन हात नाई बरे वाटले मले. राग नका मानू. येवढे मोठे! चेहरा नाजूक अन् हात हमालावानी.”

राजू ओशाळला. “आई, जाऊ दे ना.”

“बोलू दे तिले,” काका म्हणाले. त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. “हात मले कधीच जमले नाई. धरमसिंग गेला तरी नाई जमले. आनखी?”

“आनखी काय. रडत नव्हती. तवा म्हनत का दुःखाचा सिनेमा होता, पन थे बाई रडत नव्हती. रडून झालं असन तिचं. आता कोनाले सांगाचं नाई, असं ठरवून बसलेली. अशी बाई मी पाह्यली हाये, म्हनून सांगतो.”

कुठे पाहिली, हे तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

काका पुढे झुकले. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर नीट बसत नव्हती, थोडी बाजूला पडत होती. “अन् डोळे?”

“डोळ्याचं काय सांगू.” कस्तुराबाई राजूकडे न पाहता, आवाज खाली करून म्हणाली, “साऱ्या कापडाले साबन लावला मी. लुगड्यावर घासला, हातावर घासला, गालावर घासला. डोळ्यापाशी आली अन् हात थांबला. तठी नाई लावला साबन. ओंजळीनं नुसतं पानी सोडलं, हळू हळू. लेकराचं तोंड धुतो ना आपून, तसं.”

“काहून वं?” राजू हसला. “चित्र होतं थे.”

“मले का मालूम. झोंबन तिले, असं वाटलं.”

काकांनी कप बाजेवर ठेवला. तो कलंडला, चहा दोरीच्या विणीतून खाली गळला, त्यांना कळलंही नाही.

“झोंबन, असं वाटलं तुमाले?”

“हो ना.”

“खरं सांगता?”

“आता ह्या वयात खोटं कायले बोलू भाऊ? पोरगं हसून राह्यलं, तरी सांगतलं ना तुमाले.”

मोटार बंद झाली होती. वाफ्यातल्या पाण्याचा आवाजही थांबला होता. उकंडकाका ताठ बसले, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले आणि घरामागच्या दोरीच्या दिशेने तोंड केलं.

“मंग जमलं होतं,” ते म्हणाले.

परत निघताना कस्तुराबाईने कापडाची घडी घातली. कुणाची वस्तू परत करताना ती रिकामी देत नाहीत, म्हणून तिने घडीत वांगी आणि सांबाराच्या जुड्या बांधल्या. जीपमध्ये ते गाठोडं काकांनी मांडीवर घेतलं. कारंज्याच्या अलीकडे ऊन उतरलं तेव्हा मी त्यांना विचारलं, त्यावर पुन्हा काही काढाल का?

“नाई,” ते म्हणाले. “आता हे सुचिताले देईन. तिले गहू वाळवाले कामी येईल.”

त्यांचे डोळे मिटलेले होते. झोपले असतील असं वाटून मी गाठोडं घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ते आणखी जवळ ओढून घेतलं.